कोठीच्या अंधारातली ज्वारी

नातवंडांनो,

हे तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे. मराठी वाचायला जड गेलं तर तुमची आई वाचून दाखवेल. मी इंग्रजीतही लिहू शकले असते. माझं पुढचं शिक्षण आणि नोकरीतलं सगळं लिखाण इंग्रजीतच झालं. पण जी गोष्ट सांगायची आहे ती आमच्या घरात मराठीत घडली, म्हणून ती मराठीतच सांगते.

आत्ताच का, तेही आधी सांगते. गेल्या रविवारी फोनवर थोरली मला म्हणाली, "आजी, आज वर्गात एक भारी गोष्ट शिकवली. ज्वारीच्या कोंबाला नुसता धक्का लागला तरी तो विष तयार करायला लागतो. तुमच्याकडे ज्वारी पिकते ना? तुला माहीत होतं हे?"

मी म्हणाले, "हो, माहीत होतं."

"कसं काय?"

तेवढ्यात धाकट्याला खेळायला जायची घाई झाली आणि फोन त्याच्या हातात गेला. त्यानं मला त्याचे नवे बूट दाखवले. ते छान होते. फोन ठेवल्यावर मात्र मी ओसरीवर एकटीच हसत बसले. जी गोष्ट थोरलीला सातासमुद्रापलीकडे वर्गात शिकवली, ती पहिल्यांदा दिसली याच घरात, माझ्या पाठीमागच्या कोठीच्या खोलीत. दाखवणारी मी होते. "कसं काय" याचं उत्तर फोनवर मावलं नसतं. ते इथं क्रमानं देते.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यातलं, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. घरात मराठी, शाळेत आणि बाजारात तेलुगू, परक्याशी हिंदी, असं आम्ही लहानपणापासून बोलत आलो. आमच्या शेतात कापूस आणि ज्वारी. नवरात्रात आई देवघरात घट बसवायची. पत्रावळीवर शेतातली काळी माती, तिच्यात ज्वारी पेरलेली, मधोमध पाण्यानं भरलेलं मातीचं भांडं. दोन-तीन दिवसांत भोवती कोंब फुटायचे, फिकट पिवळे, केसांसारखे लांब. त्यांना आम्ही धन म्हणतो. दसऱ्याला घट उठला की पुरुष ते टोपीत खोवायचे, बायका केसांत. उरलेलं आई स्वतः नदीवर नेऊन सोडायची.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. त्या वर्षी उरलेल्या धनाची मूठ घेऊन मी वासराला द्यायला निघाले. आईनं मागून येऊन माझा हातच धरला.

"अव पोरी, थे नको देऊ वासराले! मरते थे."

"काऊन?"

"कोवळ्या ज्वारीत जहर असते."

"मग आपण भाकर काऊन खातो?"

"भाकर दाण्याची असते. दाण्यात जहर नसते."

"पण कोंब दाण्यातूनच निघते ना? मग जहर आलं कुठून?"

आईनं माझ्या हातातलं धन काढून घेतलं. म्हणाली, "मले काय माईत? शाळेत जाते ना तू? मास्तरले विचार."

मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, पुढच्या वर्गात शिकवतील. पुढच्या वर्गातही नाही शिकवलं. मग मामांनी मला हैदराबादेला इंग्रजी शाळेत घातलं, तिथंही नाही. थोडक्यात सांगायचं तर, माझा हा प्रश्न मलाच सोडवावा लागला आणि त्याला माझी सगळी नोकरी पुरली.

उत्तराचा पहिला भाग पुस्तकात मिळाला. दाण्यात आणि कोंबात जनुकं तीच असतात. विष तयार करणारं जनुकही दाण्यात असतंच, पण तिथं ते गप्प असतं. पंचांगात वर्षभराचे सगळे सणवार छापलेले असतात, म्हणून पोळ्याच्या दिवशी कुणी होळीचं पान वाचत नाही. तसंच हे. कुठलं जनुक कधी वाचायचं आणि कधी मिटून ठेवायचं, हे ठरवणारी व्यवस्था प्रत्येक पेशीत असते. तिला जनुकांचं नियमन म्हणतात. माझा विषय हाच होता. लोक मला विचारायचे, "म्हणजे नक्की काय करता?" मी सांगायची, "ज्वारीचं जहर कोण जागं करतं ते शोधते." शेतकऱ्याला हे लगेच कळायचं. विमानात शेजारी बसलेल्या माणसाला कळायचं नाही.

हैदराबादच्या एका संशोधन संस्थेत मला जागा मिळाली, तीही कायमची नव्हे. मुदतीची नेमणूक होती. तुमची आई तेव्हा दुसरीत होती. मी बी मात्र इथलंच न्यायची, आमच्या शेतातलं, आईनं राख लावून ठेवलेलं. ट्रेमध्ये काळी माती, तिच्यात ज्वारी, आणि ट्रे एका बंद कपाटात अंधारात. अंधारात वाढलेल्या कोंबात हे जनुक चांगलं अभ्यासता येतं. कपाट मी एकदा बंद केलं की कुणालाही उघडू द्यायची नाही. ट्रे काढायचा दिवस येईपर्यंत मीही उघडायची नाही. प्रयोगशाळेतले सगळे हसायचे. "हळू बोला, मॅडमचं व्रत सुरू आहे," असं दारातून येणाऱ्याला सांगायचे.

त्या कपाटातून मला दोन गोष्टी मिळाल्या. पहिली, एक प्रथिन. ते जनुकाच्या अलीकडच्या, डीएनएच्या एका छोट्या तुकड्यावर येऊन बसलं की जनुक जागं होतं. दुसरी, ते केव्हा येऊन बसतं याची वेळ. कोंब फुटल्यावर पहिले काही दिवस तो तुकडा रिकामाच असतो. जनुक जेमतेम कुजबुजतं. प्रथिन बसतं ते त्यानंतर. हे मी लिहिलं, ते छापून आलं आणि आम्ही संस्थेत पेढे वाटले.

वर्ष झालं नाही तोच परदेशातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेचा फॅक्स आला. त्यांनी माझा प्रयोग जसाच्या तसा करून पाहिला होता. त्यांच्या कोंबांत तो तुकडा पहिल्या दिवसापासून भरलेला होता. त्यांनी पुन्हा केला. पुन्हा तेच.

आमच्या संचालकांनी मला बोलावलं. ते ओरडणारे गृहस्थ नव्हते. फॅक्स माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "बाई, ते खोटं बोलत नाहीत. तुम्हीही बोलत नाही. पण दोन्ही खरं असू शकत नाही. दिवाळीच्या आत त्यांच्यासमोर करून दाखवा. नाही जमलं तर निबंध मागे घेतल्याचं लिहून द्यावं लागेल."

"आणि माझी नेमणूक?"

त्यांनी फॅक्सची घडी घातली. म्हणाले, "मागे घेतलेल्या निबंधावर कुणाला कायम करता येत नाही."

मी तोच प्रयोग आणखी एकदा केला. माझं उत्तर तेच आलं. याचं बरं वाटायला हवं होतं, पण माझी झोप त्यानंच उडाली. चूक सापडली असती तर दुरुस्त केली असती. सापडतच नव्हती.

परदेशातल्या प्रयोगशाळेनं माणूस पाठवायचं कबूल केलं. ती एक बाई होती, माझ्याच वयाची, तिकडे तो प्रयोग करणारी. तिच्या येण्याचा दिवस ठरला आणि तेवढ्यात गावाहून निरोप आला: आई अंगणात घसरली, पाय मोडला. नवरात्र तोंडावर. घट बसवायला घरात दुसरं कुणी नव्हतं. घट बसल्यावर घर बंद ठेवत नाहीत आणि बसवणारीनं घर सोडायचं नसतं, हे तुम्हाला माहीत नसेल, पण तुमच्या आईला माहीत आहे.

तुमचे आजोबा म्हणाले, "तिला सांग पुढच्या महिन्यात ये."

"पुढच्या महिन्यात दिवाळी आहे."

"मग?"

"मग प्रयोगच गावी नेते," मी म्हणाले. ते हसले. मला वाटतं त्यांना ती थट्टा वाटली. दुसऱ्या दिवशी मी ट्रे बांधायला लागले तेव्हा मुकाट्यानं सुतळी आणून दिली. ट्रे आणि बी मी घेतलं. कोंब गोठवायला लागणाऱ्या द्रव नायट्रोजनचं भांडं संस्थेच्या जीपनं मागून यायचं होतं. कोंब वाढवायला तर काळी माती आणि अंधार एवढंच लागतं, आणि आमच्या घरात दोन्ही होतं. धान्य ठेवायच्या कोठीच्या खोलीला खिडकीच नाही. घट बसवला त्याच सकाळी, त्याच मातीत, देवघराच्या भिंतीपलीकडे कोठीत मी माझे ट्रे मांडले आणि दार ओढून घेतलं. आई ओसरीवर खाटेवर होती, पायाला प्लास्टर. ती तिथून सगळ्या घरावर नजर ठेवायची.

पाहुणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचली. बसच्या धुळीनं तिचे भुरे केस लाल झाले होते. आईनं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"हीच का थे, तुले खोटी म्हणणारी?"

"माय, खोटी नाही म्हणाली. तिला तसं दिसलं नाही, इतकंच."

"एकच झालं," आई म्हणाली. "भाकर खाते का विचार."

पाहुणीनं भाकर खाल्ली, ठेचाही खाल्ला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. आई समाधानानं म्हणाली, "आताच रडून राह्यली. अजून तर जेल पाह्याचा हाय." जेल म्हणजे तुरुंग नव्हे, नमुने विजेनं सरकवून तपासायचा खळीसारखा थर; आईला ते ठाऊक नव्हतं. पण माझ्या तोंडून तो शब्द इतक्यांदा ऐकला होता की शेवट त्यावर होणार हे तिनं धरलं होतं. आणि ते खरंच होतं. प्रथिन त्या तुकड्यावर बसलेलं असेल तर जेलवर ठरलेल्या जागी गडद पट्टा दिसतो. नसेल तर ती जागा कोरी राहते. माझी नोकरी त्या बोटभर जागेवर अवलंबून होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे, बाहेर अजून अंधार असताना, पाहुणी म्हणाली, मला ट्रे पाहायचे आहेत. तिनं सोबत हिरव्या काचेचा दिवा आणला होता. त्या उजेडानं कोंबांवर परिणाम होत नाही. मी नाही म्हणू शकत नव्हते, ती त्यासाठीच आली होती. दार किलकिलं केलं आणि आम्ही आत गेलो. तिनं खाली वाकून पाहिलं. मग सहज, अगदी रोजची सवय असल्यासारखा, एक ट्रे दोन्ही हातांनी उचलला आणि दाराजवळ नेऊन खिशातली मोजपट्टी काढली.

ओसरीवरून आईनं ते दाराच्या फटीतून पाहिलं.

"अव हात नको लावू व! घट हालवत नसतात! ए बाई! हाथ मत लगाव!"

पाहुणी ट्रे हातात धरून तशीच उभी राहिली. मला म्हणाली, "काय झालं? त्या का रागावल्या?"

मी सांगितलं, देवघरातल्या मातीत आणि या ट्रेत आईला फरक वाटत नाही. एकदा बसवलेलं नऊ दिवस जागचं हलवायचं नाही, अशी आमच्याकडे रीत आहे.  हे सांगता सांगता मी तिच्या हातातल्या मोजपट्टीकडे पाहत होते.

"तुम्ही तिकडे ट्रे रोज बाहेर काढता?"

"रोज," ती म्हणाली. "उंची मोजायला नको? प्रत्येक कोंबाची मोजतो. दिवा हिरवा असतो, त्यामुळे उजेडाचा प्रश्न नाही. तुम्ही काढत नाही?"

"नाही."

"पण तुमच्या निबंधात तसं कुठं लिहिलेलं नाही!"

नव्हतंच लिहिलं. मातीचं वजन लिहिलं होतं, पाण्याचं माप लिहिलं होतं, अंधार लिहिला होता. ट्रे हलवायचा नाही हे लिहिलं नव्हतं, कारण ते लिहायची गोष्ट आहे हे मला कधी सुचलंच नाही. आमच्याकडे कुठलीही बाई ते लिहिणार नाही. चुलीवर भाकर टाकताना आधी चूल पेटवा, असं कोण सांगतं? आणि पाहुणीच्या देशात कुठलाही माणूस रोज मोजल्यावाचून राहणार नाही. आम्ही दोघी आपापल्या रीतीनं चोख वागलो होतो.

मी तिला तो ट्रे खाली ठेवायला सांगितलं, पण पूर्वीच्या जागी नाही, उजव्या कोपऱ्यात. मग आम्ही निम्मे ट्रे तिकडे नेले. ठरलं असं, की उजवीकडचे तिचे: तिनं रोज काढावेत, मोजावेत, तिकडे करते तसंच सगळं करावं. डावीकडचे माझे: त्यांच्याकडे कुणी फिरकायचं नाही. सगळं बी एक, माती एक, पाणी एक, अंधार एक. फरक फक्त हात लागण्याचा.

आईला हे मुळीच पटलं नाही. "अर्धे हालवाचे अन् अर्धे नाही? हे कोणतं वरत म्हणायचं?"

"माय, व्रत नाही. परीक्षा आहे."

"कोणाची? तिची का तुही?"

"ज्वारीची."

"बरं," आई म्हणाली. "पण माह्या घटाले त्या परीक्षेत बसवू नको."

त्या आठवड्यात घरात दोन कामं शेजारी शेजारी चालली. मी रोज घटावर तरवडाच्या पिवळ्या फुलांची माळ चढवायची. तीच फुलं समोरच्या तेलुगू घरातली बाई बतुकम्मा, म्हणजे त्यांचा नवरात्रातला फुलांचा मनोरा, रचायला तोडून न्यायची. त्याच वेळी पाहुणी कोठीत हिरव्या दिव्यात कोंब मोजायची. कोंब काढायच्या दिवशी नायट्रोजनच्या भांड्यातून पांढरी वाफ ओसरीभर पसरली. समोरची बाई फुलांची परडी घेऊन दारात थबकली. म्हणाली, "इदेमि पूजा अम्मा?" म्हणजे, ही कुठली पूजा? आई खाटेवरून लगेच म्हणाली, "हैदराबादची हाय. आपल्यात नसते." गोठवलेले कोंब जीपनं पुढे गेले. मी घट उठवून, धन नदीत सोडून, आईजवळ एका बाईची सोय लावून मगच निघाले. पाहुणीही माझ्यासाठी थांबली. दसऱ्याला तिच्याही कानामागे आईनं धन खोवलं. म्हणाली, "खोटी म्हणली तर म्हणली. पाहुनी हाय."

हैदराबादेत जेल दोघींनी मिळून केला. नमुन्यांवर नावं नव्हती, नुसत्या खुणा. कुठला कुणाचा हे संचालकांकडे. जेलची फिल्म धुऊन आली तेव्हा आम्ही तिघं दिव्यापुढे उभे होतो. काही नमुन्यांत ठरलेल्या जागी काळाभोर पट्टा. काहींत ती जागा कोरी. संचालकांनी खिशातून कागद काढला आणि खुणा वाचत गेले. काळा पट्टा असलेला प्रत्येक नमुना उजव्या कोपऱ्यातला होता, कोरा प्रत्येक डावीकडचा. एकाचीही अदलाबदल नव्हती.

पाहुणीनं फिल्मवरचे काळे पट्टे बोट ठेवून पुन्हा मोजले. मग संचालकांकडे वळून म्हणाली, "मागे घ्यायचं काहीच नाही. हिचं बरोबर होतं. आमचंही बरोबर होतं. हलवलं की जनुक जागं होतं."

संचालक मला म्हणाले, "बाई, पहिल्या निबंधापेक्षा हे मोठं आहे, कळतंय ना?"

कळत होतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलीनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्यासमोर त्या दिव्यावर लावलेलं होतं. दाणा निजलेला असतो, त्याला धक्का कळतच नाही, म्हणून तिथं जनुक गप्प. कोंब मात्र उघड्यावर असतो. त्याला धक्का लागला म्हणजे त्याच्या हिशेबी कुणाचं तरी तोंड लागलं. मग तो जहर जागं करतो. वासराच्या तोंडाशी नेलेल्या त्या मुठीत काय चाललं होतं ते मला तेव्हा दिसलं.

तो दुसरा निबंध पाहुणीनं आणि मी मिळून लिहिला. पद्धतीच्या भागात मी एक वाक्य घातलं: ट्रे एकदा ठेवल्यावर काढेपर्यंत हलवू नयेत, उघडू नयेत. पाहुणी म्हणाली, कारण लिही. मी म्हणाले, कारण पुढच्या पानावर जेलमध्ये दिसतंच आहे. माझी नेमणूक त्याच हिवाळ्यात कायम झाली. मी फोनवर आईला सांगितलं. ती म्हणाली, "मंग? मी म्हणलंच होतं, हालवू नका म्हणून." त्यानंतर गावात येणाऱ्या-जाणाऱ्याला तिनं ही गोष्ट जशी सांगितली, तिच्यात मी कुठं होते ते मला कधी नीटसं कळलं नाही. मी तिला कधी थांबवलंही नाही.

पुढची सगळी वर्षं मी त्याच प्रथिनाच्या मागे गेले. धक्का लागल्याची बातमी त्याच्यापर्यंत कोण पोचवतं, पाऊस ओढ देतो तेव्हा ते का चेकाळतं, कुठल्या वाणात ते आळशी असतं. माझ्या हाताखाली शिकलेली मुलं-मुली आज चार-पाच देशांत आहेत. काही वर्षं मी संस्थेतल्या माझ्या विभागाची प्रमुख होते. या सगळ्याचा मला अभिमान आहे आणि तो मी तुमच्यापासून लपवणार नाही. आमच्या पिढीच्या बायकांना असं म्हणायची सवय नाही. थोरले, तू ती सवय लावून घे.

आता त्यातलं काय उरलं आहे ते सांगते. संचालक गेले. आईही गेली. पाहुणी निवृत्त झाली आणि आता बागकाम करते. ज्या कपाटात मी ट्रे ठेवायची ते मोडीत निघालं. आमच्या शेतात आता कापूसच असतो, गावात ज्वारी फार थोडे लोक लावतात. मी निवृत्त होऊन या घरात परत आले. परसात दोन वाफे ज्वारी पेरते, आईनं ठेवलेल्या बियाण्याचीच, आणि नवरात्रात घट त्याच ज्वारीचा बसतो. ट्रे हलवू नयेत हे वाक्य अजूनही त्या प्रयोगाच्या पद्धतीत छापलं जातं. आईची ज्वारी अजून उगवते.